डॉग शोच्या गेममध्ये आता कुठली जात घ्यावी?

सातरस्ता_सोलापूर: माझ्या केनेलात नुसते लॅब्राडॉर. शोला बघावं तिकडं लॅबच, नंबर लागायचा कसा? कोली घेऊ का व्हिपेट? कोलीचा मर्ल रंग, म्हणजे फिक्या अंगावर गडद डाग, लई भारी दिसतो.

काळीमाती: घे की, पण मर्लला मर्ल लावू नको. सरासरी 4 पिल्लांत 1 डबल मर्ल, म्हणजे आई-बाप दोघांकडून मर्लचं जनुक आलेलं, निघतं. खऱ्या कुत्र्यांत अशी पिल्लं बहिरी, आंधळी निघू शकतात. गेममध्ये जनुकं खरी धरली असतील तर बसली बोंब.

सावळी: व्हिपेट! मर्ल सोडून कुठलाही रंग चालतो, रंगासाठी जोड्या जुळवत बसायला नको. आपल्याकडची कारवान कुत्री नाहीत का गेममध्ये?

सातरस्ता_सोलापूर: नाहीत ना ओ ताई. गावाकडं धनगरांच्या मागं तीच बघत वाढलो. असू दे, व्हिपेट घेतलं. नाव ठेवलंय कडक भाकरी.