मदत हवी आहे: रोज मोटरसायकलने कामावर जाणाऱ्या भाच्यासाठी रायडिंग जीन्स पुरेशी ठरेल का?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घरून तो रोज मोटरसायकलने राऊमार्गे जातो-येतो. एका बाजूचे अंतर साधारण २५ किलोमीटर असून त्यातला बराचसा भाग मोठ्या रस्त्याचा, ट्रकांच्या वर्दळीचा आहे. त्याच्यासाठी आतून मजबूत केलेली रायडिंग जीन्स घ्यावी की जाड रायडिंग पँटच घ्यावी, हा निर्णय मला होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

गेल्या डिसेंबरात राऊच्या अलीकडे एका वळणावर सांडलेल्या बारीक खडीवरून त्याचे पुढचे चाक घसरले. वेग चाळीसच्या आसपास होता. हेल्मेट होते, हातमोजे होते, अंगात थंडीचे जाड जॅकेट होते. पायांत मात्र नेहमीची ताणली जाणारी जीन्स होती. सुदैवाने हाड मोडले नाही, परंतु डाव्या खुब्याखालची तळहाताएवढी कातडी गेली आणि गुडघाही चांगलाच सोलवटला. ती जीन्स मी अजून टाकलेली नाही. गुडघ्यावरच्या भोकाच्या कडा कापल्यासारख्या नाहीत, त्या झिजून पिंजल्या आहेत. वरचा निळा ताणा पूर्ण गेला आहे आणि पांढऱ्या बाण्याचे चार-दोन धागे तेवढे आडवे लोंबत आहेत. मागच्या खिशापाशी, जेथे कापड दुहेरी आहे, तेथे वरचा थर फाटूनही आतला शाबूत राहिला आणि त्याखालची कातडीही वाचली. एका जादा थराने एवढा फरक पडतो, हे मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले.

पहिले आठ दिवस पट्टी मीच बदलत असे. जाळीचे कापड जखमेला चिकटून बसे, ते सलाईनने भिजवून पाच-सात मिनिटे थांबावे लागे आणि तेवढा वेळ तो पलंगाची कड घट्ट धरून डोळे मिटून बसे. डॉक्टरांनी गुडघ्यातली खडी घासून काढली, तरी दोन काळे ठिपके कातडीखाली कायमचे राहिले आहेत. ‘नुसते खरचटले’ असे आपण किती सहज म्हणतो, पण ते प्रकरण काय असते ते मी पाहिले आहे आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नाही.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आधी कागदावर आकडे मांडून पाहिले. कपडे घातलेला माणूस डांबरी रस्त्यावर घासत जाताना घर्षणांक ०.६ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने पडलेला माणूस थांबायला सुमारे २.८ सेकंद घेतो आणि तेवढ्यात जवळपास २४ मीटर घासत जातो. वेग ८० असेल तर अंतर ४२ मीटरांवर जाते, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साधी जीन्स एक सेकंदही टिकत नाही असे चाचण्यांत दिसले आहे; म्हणजे उरलेले सगळे अंतर कातडीवरच काढायचे.

त्यानंतर मानकांबद्दल जे वाचायला मिळाले ते वाचले. युरोपातले ईएन १७०९२ हे २०२० सालचे मानक मोटरसायकलस्वारांच्या कपड्यांसाठी आहे आणि त्यात एएए, एए आणि ए असे घटत्या क्रमाने तीन मुख्य वर्ग आहेत. कापडाचे तुकडे एका यंत्रावर गरगर फिरवून काँक्रीटच्या लादीवर टाकतात आणि ते थांबेपर्यंत त्यांना भोक पडते का ते पाहतात. गुडघे, खुबे अशा सर्वाधिक धोक्याच्या भागांवरच्या कापडासाठी एएए वर्गात ही चाचणी ताशी १२० किलोमीटरला, एए वर्गात ७० ला आणि ए वर्गात फक्त ४५ ला होते. कमी धोक्याच्या भागांसाठी आकडे आणखी खाली येतात; ए वर्गात तर काही भागांना घर्षणाची चाचणीच लागू नाही. याउलट आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेटपाशीच थांबते. पायांत काय घालावे, हे ज्याने त्याने स्वतःच शोधायचे.

ही माहिती घेऊन आम्ही दोघे शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने ‘फुल प्रोटेक्शन है मॅडम, सीई सर्टिफाइड है’ असे सांगून नऊ हजारांची एक जीन्स दाखवली. सीईचा, म्हणजे युरोपीय नियमांत बसत असल्याचा, शिक्का मला सापडला तो गुडघ्याच्या पॅडवर. जीन्सच्या कमरेवर किंवा आतल्या बाजूला कोठेही मानकाचा क्रमांक नव्हता. पॅडचे मानक वेगळे आहे, ईएन १६२१-१. त्यात पॅडवर ५० जूल ऊर्जेचा आघात करतात आणि पलीकडे पोहोचणारे सरासरी बल पहिल्या पातळीच्या पॅडला ३५ किलोन्यूटनांपेक्षा, तर दुसऱ्या पातळीच्या पॅडला २० किलोन्यूटनांपेक्षा जास्त असून चालत नाही. परंतु पॅड कितीही उत्तम असला तरी भोवतीचे कापड फाटले तर त्याचा काय उपयोग? दुसरी एक जीन्स पाहिली. तिच्यावर मोटरसायकलस्वाराचे चिन्ह, खाली ‘ए’ हे अक्षर आणि त्या वर्गाचा क्रमांक ईएन १७०९२-४ असे स्पष्ट छापलेले होते. तिच्या खुब्याच्या खिशांत मात्र पॅड नव्हते. ते वेगळे घ्यावे लागतील असे दुकानदाराने सांगितले.

माझी अडचण अशी आहे. भाच्याला जाड रायडिंग पँट नको आहे, कारण कारखान्यात पोहोचल्यावर ती बदलायला जागा नाही आणि मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो तेव्हा तो ती घालणारच नाही, हे मला ठाऊक आहे. जीन्स तो दिवसभर अंगावर ठेवू शकेल. दाराआडच्या खुंटीवर टांगलेल्या उत्तम पँटेपेक्षा रोज अंगावर असलेली मध्यम जीन्स बरी, असे मन सांगते. परंतु ए वर्गाचा ४५ हा आकडा डोळ्यांपुढे आला की तेच मन कचरते, कारण तो रोज ६० ते ७० च्या वेगाने जातो.

तेव्हा जाणकारांना विनंती आहे की पुढील शंकांविषयी लिहावे. ए वर्गाची जीन्स अशा रस्त्यासाठी अपुरी आहे का, आणि एए वर्गाची घेतल्यास उन्हाळ्यात ती सोसवेल का? आतून अस्तर असलेली जीन्स चांगली की धागाच मजबूत असलेली एकेरी कापडाची? आणि बसल्यावर पॅड गुडघ्यावर राहतो की नाही, हे दुकानात नेमके कसे तपासावे?

प्रतिसाद

ताई, मी विजय नगरात राहतो आणि गेली बारा वर्षे सुटीच्या दिवशी मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर अशी मोटरसायकलने भटकंती करतो. चार वर्षांपूर्वी मानपूरच्या घाटात मी पडलो तेव्हा माझ्या अंगावर अस्तराची जीन्स होती, म्हणून अनुभवाने लिहितो.

तुम्ही ४५ हा आकडा धरून बसला आहात, तो थोडा सैल करा. तो यंत्रावरचा वेग आहे. रस्त्यावर आपण पडण्याआधी बहुधा ब्रेक दाबलेला असतो, त्यामुळे अंग जमिनीला लागते तेव्हाचा वेग काट्यावरच्या वेगापेक्षा बराच कमी असू शकतो. शिवाय माणूस एकाच जागेवर घासत जात नाही, तो लोळतो, कुशी बदलतो. मात्र याची दुसरी बाजूही आहे: खडबडीत खडीचा रस्ता चाचणीच्या लादीपेक्षा कापडाला जास्त खातो. म्हणून मी मोठ्या रस्त्यासाठी एए च्या खाली जाऊ नका असे सांगेन, आणि ए ला शहरातल्या शहरात फिरण्यापुरते ठेवीन.

माझे जे नुकसान झाले ते पॅडमुळे झाले. मांडीची आणि खुब्याची कातडी अस्तराने वाचवली, पण जीन्स सैल होती, पॅड फिरून गुडघ्याच्या आतल्या बाजूला गेला आणि गुडघ्याची वाटी थेट रस्त्यावर आपटली. तीन महिने फिजिओथेरपी करावी लागली. लोक घासण्याचाच विचार करतात, परंतु बसल्या उंचीवरून खाली आपटण्याचा जोर गाडी वीसच्या वेगात असो की साठच्या, जवळपास तेवढाच असतो. तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता, तेव्हा हे मी तुम्हाला काय सांगावे. म्हणून खुब्याचे पॅड रिकाम्या खिशावर सोडू नका, ते पहिल्याच दिवशी घ्या.

दुकानात भाच्याला आपल्याच गाडीवर बसवून पाहा. उभे असताना पॅड वाटीवर अचूक दिसतो, पण बसले की पायचा वर ओढला जातो आणि पॅड मांडीकडे सरकतो. बसल्या स्थितीत पॅडने पूर्ण वाटी आणि नडगीचा वरचा भाग झाकला पाहिजे आणि हाताने डावी-उजवीकडे ढकलला तरी तो फिरता कामा नये.

प्रतिसाद

मावशी, मी इथे इंदुरातच तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवण विभागात आहे. आपण कापडाबद्दल छान लिहिले आहे, पण शिवणीचा उल्लेख नाही, म्हणून लिहितो. माझ्या अनुभवात ताण आला की बऱ्याचदा कापडाआधी शिवण उसवते. कापड उत्तम असेल आणि बाजूची शिवण एकेरी साध्या दोऱ्याची असेल, तर आपटताक्षणी पायचा उघडतो आणि मग कापडाचा काहीच उपयोग राहत नाही. म्हणून ईएन १७०९२ मध्ये शिवणीच्या ताकदीचीही चाचणी आहे. दुकानात पायचा उलटा करून पाहावा. बाहेरच्या बाजूच्या आणि बैठकीच्या शिवणीवर दोन-तीन समांतर ओळी असाव्यात आणि त्यांतली एखादी ओळ आत दुमडीत लपलेली असावी, म्हणजे वरचा दोरा झिजला तरी आतला पकडून ठेवतो.

अस्तराविषयी सांगायचे तर त्यातही दोन प्रकार येतात. काही जीन्सना फक्त गुडघ्याला आणि बैठकीला अरामिडचे, म्हणजे केव्हलारच्या जातीच्या पिवळसर धाग्याचे तुकडे लावलेले असतात. काहींना कमरेपासून पोटरीपर्यंत सलग अस्तर असते. आपल्या भाच्याची जखम खुब्याखाली आहे, नेमकी जेथे तुकड्यांच्या जीन्समध्ये पुष्कळदा काहीच नसते. हात आत घालून अस्तर कोठे संपते ते चाचपून पाहावे. एकेरी कापडाच्या जीन्समध्ये डेनिमच्या सुताबरोबरच मजबूत धागा विणलेला असतो. ती हलकी असते, वारा लागतो आणि माळव्याच्या उन्हाळ्यात तीच खरोखर घातली जाईल असे मला वाटते. एए वर्गातही अशा जीन्स मिळतात, फक्त किंमत जास्त असते.

धुण्याची काळजी मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवावी. अरामिडला ब्लीच आणि ऊन दोन्ही मानवत नाहीत, त्याची ताकद घटते. पॅड काढून, साध्या साबणाने धुऊन, उलटी करून सावलीत वाळवावी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आपटण्याचा मुद्दा मी हिशेबात धरलाच नव्हता, याचे मला वाईट वाटते. एक मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने भिडते; हे मी दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवते आणि नेमके येथेच ते मला आठवले नाही.

काल संध्याकाळी भाच्याला अंगणात त्याच्या गाडीवर बसवले आणि त्याच्या नेहमीच्या पँटवर, उभे असताना वाटीच्या मधोमध येईल अशी खडूची खूण केली. बसल्यावर ती खूण चांगली चार बोटे वर गेली. त्यामुळे पॅडचा खिसा वर-खाली सरकवता येईल अशीच जीन्स घ्यायची, हे आता पक्के झाले. जुन्या जीन्सवर टेप लावून मोजले तेव्हा खुब्याखालचे भोक बैठकीच्या शिवणीपासून ११ सेंटिमीटर खाली निघाले, म्हणजे तुकड्यांच्या अस्तराची जीन्स आमच्या यादीतून बाद झाली.

एए वर्गाची, एकेरी कापडाची, खुब्याच्या पॅडसह जीन्स घ्यायची असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. पैसे जास्त लागतील, त्यातला अर्धा वाटा तो स्वतः देणार आहे. हे त्याने आपणहून सांगितले. कपड्यावरच्या पट्टीवर एए वर्गाचा ईएन १७०९२-३ हा क्रमांक दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हेही ठरले. पावसाळ्यापूर्वी हे काम उरकायचे आहे. त्याची कंबर ३२ आहे आणि उंची पाच फूट नऊ इंच. इंदुरात जेथे जीन्स घालून स्वतःच्या गाडीवर बसून पाहू देतात असे दुकान कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे; येत्या रविवारी आम्हा दोघांनाही सुटी आहे.