मदत हवी आहे: चर्चच्या आवारात पक्ष्यांचे फोटो

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या आमच्या छोट्या गावात जुनं चर्च आहे. भोवती दफनभूमी, दगडफुलांनी माखलेल्या शिळा आणि एक प्रचंड यू वृक्ष (दाट, सदाहरित झाड). रोज पहाटे कॅमेरा घेऊन तिथे जातो. रॉबिन हा छोटा पक्षी तर इतका धीट की चार हातांवर येऊन बसतो, पण नेमका यूच्या गडद सावलीत! ४०० मिमी लेन्स, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ठेवूनही शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या वर जात नाही. पक्ष्याने मान वळवली की फोटो हलतो. आयएसओ आणखी वाढवून नंतर नॉइज (फोटोतले दाणे) काढू, की तो उजेडातल्या शिळेवर येईपर्यंत थांबू? ट्रायपॉड थडग्यांमध्ये रोवणं मनाला पटत नाही. बीन बॅग (कॅमेरा टेकवायची दाणे भरलेली पिशवी) जमिनीवर ठेवून कुणी फोटो काढले आहेत का?

दुसरं जरा नाजूक. संध्याकाळी मनोऱ्याच्या झरोक्यातून गव्हाणी घुबड बाहेर पडतं. आत घरटं असावं असा संशय आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवान्याशिवाय घरट्यापाशी त्याला त्रास देणं हा गुन्हा आहे, त्यामुळे मनोऱ्याजवळ जाणार नाही, फ्लॅशही नाही. कुंपणाबाहेरच्या गवताळ माळावर ते शिकारीला येतं, तिथे लांबून टिपावं म्हणतो. मावळत्या उजेडात उडत्या घुबडासाठी शटर किमान किती ठेवता? १/१००० ला फ्रेम काळी पडते.

आणि हो, अंत्यविधी असेल त्या दिवशी कॅमेरा घरीच असतो, काळजी नसावी.