अनुभव धागा : ऑनलाइन मागवलेला माल फुटका निघाला तर (इंदूर)

रामबागकर
सेलच्या दिवसांत घरोघरी खोकी येतात, त्यातली काही फुटकी निघतात. रडगाणं नको. वस्तू कोणती, काय तपासायचं, तक्रार कुठे अडते, एवढंच लिहा. कंपन्यांची नावं टाळा.

सुदामानगरवाली
व्हिडिओपासून सुरू करते. मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या, म्हणजे उघडणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे. आधी खोक्याच्या सहाही बाजू, मग लेबल अगदी जवळून: ऑर्डर क्रमांक, कुरियरचा क्रमांक आणि वजन वाचता आलं पाहिजे. मग न फाटलेली टेप, ती कापताना, आतली वस्तू, तिचा सीरियल नंबर. सगळं एका सलग शॉटमध्ये. मध्ये थांबवलंत की "खोकं आधीच उघडलं होतं" म्हणायला समोरच्याला जागा मिळते. मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दबते आणि नेमके आकडेच पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. थर्माकोलसकट खोकं पैसे परत येईपर्यंत माळ्यावर राहू द्या.

स्नेहलतागंज, टीव्ही-फ्रिज दुरुस्ती
टीव्हीचं खोकं उभंच ठेवायचं. वरून ओरखडाही नसतो आणि आतलं पॅनल तडकलेलं असतं. ते चालू केल्यावरच कळतं. जाळ्यासारख्या रेघा, काळा डाग नाहीतर उभे रंगीत पट्टे दिसतात. म्हणून भिंतीवर टांगायच्या आधी स्टँडवर लावून चालू करायला सांगा. भिंतीवर गेल्यानंतर सापडलेली तड "फिजिकल डॅमेज" ठरते, आणि वॉरंटीत ते धरत नाहीत. इन्स्टॉलेशनला आलेल्या भियाकडून जॉबशीटवर "खोकं उघडलं तेव्हाच पॅनल तडकलेलं" असं सही-तारखेसह लिहून घ्या. या कागदापुढे चॅटचे स्क्रीनशॉट फिके.

फ्रिज आडवा आणला असेल तर काही तास उभा ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू द्या. मागच्या नळीच्या जोडाशी तेलकट डाग असेल तर गॅस गळत असण्याची शक्यता मोठी. पोचा वेगळा, गळती वेगळी. तक्रारीत दोन्ही स्वतंत्र लिहा, नाहीतर पोच्यापुरती सूट देऊन फाइल बंद होते.

लोकमान्यनगर
ओपन बॉक्स डिलिव्हरी (माल देणारा दारातच खोकं उघडून दाखवतो ती) असेल तर तपासून झाल्यावरच ओटीपी सांगा. ओटीपी दिला म्हणजे माल ठीक मिळाला अशी नोंद होते.

पलासिया
रिटर्नचं कारण निवडताना लोक घाईत "आता नको आहे" दाबतात. मग ती ग्राहकाची मर्जी ठरते, जाण्या-येण्याचा खर्च कापला जाऊ शकतो, आणि पुढे तुटल्याचं सांगितलं तरी पहिली नोंद आडवी येते. "तुटकी मिळाली" हेच निवडा. चॅट संपली की खिडकी गायब होते, म्हणून तीच हकीकत ईमेलने पाठवा.

तिलकनगर, वकिली
कायद्याचा भाग सविस्तर लिहितो. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. पानावर "नो रिटर्न" छापलं असलं तरी. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. त्याचं नाव ॲपच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडतं (मुद्दामच, असं माझं मत).

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती समोरच्याला आदेश देऊ शकत नाही, फक्त पाठपुरावा करते; तरी बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा उपभोक्ता आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ मुळे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. विक्रेता सुरतचा, कंपनी बंगळूरची, तरी प्रकरण इंदुरात. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत २ वर्षं, वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं.

प्रतिपक्ष दोघांना करा: बिलावर नाव-पत्ता असलेला विक्रेता आणि प्लॅटफॉर्म. एकट्या प्लॅटफॉर्मला केलं तर "आम्ही फक्त मध्यस्थ" हे उत्तर ठरलेलं. सोबत बिल, तारीखवार घटनाक्रम, ईमेल, शपथपत्र. व्हिडिओ पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा; हे बरेच जण विसरतात. मागणीत किंमत, व्याज, त्रासाची भरपाई आणि खर्च चारही लिहा, पण हजाराच्या मिक्सरसाठी लाखाची भरपाई मागू नका, सगळी तक्रारच हलकी वाटते.

सियागंजवाला
दुकानात विकायला मागवलेल्या मालाला हे लागू नाही, फेरविक्रीवाला ग्राहक धरला जात नाही. घरच्या वस्तूच्या बिलावर जीएसटी नंबर टाकायचा मोहही आवरा, समोरचा वकील तेच बोट ठेवतो.

सुदामानगरवाली
वकीलदादा, पिकअपवाल्याने वस्तू नेली आणि नंतर "रिकामं खोकं आलं" म्हणाले तर?

तिलकनगर, वकिली
ताई, तोही व्हिडिओ काढायचा: सीरियल नंबर, पॅक करताना, त्याच्या हातात देताना. पिकअपचा मेसेज किंवा पावती आल्याशिवाय दार लावू नका.

राजेंद्रनगर
रिफंड अडकला म्हणून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, खोटे नंबर पुष्कळ. नंबर ॲपमधूनच घ्या. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा.