बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पायवाटा: वडील व मुलीसह जाण्याविषयी

प्रश्न (पाऊलवाट):
डिसेंबरमधील एखाद्या सकाळी ६८ वर्षांचे वडील आणि ९ वर्षांची मुलगी यांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात न्यावे, असा विचार आहे. वडिलांचे गुडघे चढाला त्रास देतात, आणि मुलीला मात्र डांबरी रस्ता नको, झाडांमधली खरी पायवाट हवी आहे. शिलोंढ्याची पायवाट आणि कान्हेरीची लेणी यांपैकी कोणती निवड योग्य ठरेल? बिबट्याच्या बातम्या वाचून आई काळजीत आहे, तेव्हा त्याबद्दलही अनुभवी मंडळींनी लिहावे.

उत्तर (रानवेडी):
दोन्ही एकाच दिवशी करू नका. शिलोंढ्याची वाट ओढ्याच्या कडेने जाते आणि खडकांवरून पावले जपून टाकावी लागतात. शिवाय तिथे आपल्या मनाने जाता येत नाही, वनविभागाची परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. ही अडचण नव्हे, कारण काटेसावर कशी ओळखावी, पावश्या केव्हा ओरडतो, कोळ्याचे जाळे कुठे पाहावे, हे सांगणारा माणूस बरोबर असला की मुलांना एवढेसे अंतरही पुरते. बाबांसाठी मात्र मी कान्हेरीच सुचवेन: पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, पायऱ्या थांबतथांबत चढता येतात, आणि तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह (बौद्ध भिक्षूंचे प्रार्थनागृह) वरच्या चढाच्या आधीच लागते. तिथे सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील शिलालेख आहे. शंभराहून अधिक लेण्यांपैकी सगळी पाहण्याचा हट्ट धरू नका, पण खडकात कोरलेल्या पोढ्या (पाण्याच्या टाक्या) आणि पाणी त्यांच्याकडे नेणारे पन्हाळ मुलीला आवर्जून दाखवा. पावसाचे पाणी साठवून भिक्षूंनी या डोंगरावर वर्षभराची सोय केली होती, हे तिथे उभे राहिल्यावर आपोआप कळते.

उत्तर (सह्याद्रीचा वाटसरू):
बिबट्याविषयी लिहितो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला तिन्ही बाजूंनी वस्ती लागून आहे आणि बिबटे इथे पिढ्यानपिढ्या राहतात. ते प्रामुख्याने रात्री फिरतात आणि माणसाला टाळतात. म्हणून उजेडात जावे, दुपार टळण्याआधी परतावे, मुलीला दोघा मोठ्यांच्या मध्ये ठेवावे आणि तिला एकटीला झुडपामागे जाऊ देऊ नये. माझ्या मते खरी काळजी माकडांची आहे. लोक त्यांना वेफर देतात, मग ती हातातली पिशवी ओढतात. खाऊ बंद डब्यात आणि डबा पाठपिशवीत ठेवा, आणि कुणी माकडांना खाऊ घालत असेल तर नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत थांबवा.

उत्तर (रानवेडी):
आणखी एक. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात आणि लेण्यांचे तिकीट वेगळे असते. दर आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीची फुले आता दिसणार नाहीत. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली, म्हणजे पुढचा बहर २०३२ च्या सुमारास. तोवर झुडपे मात्र जागोजाग दिसतील, ती ओळखायला मुलीला आत्ताच शिकवा.

प्रश्नकर्ता (पाऊलवाट):
मनापासून आभार. यंदा वडिलांसोबत कान्हेरी करतो. शिलोंढ्यासाठी मी आणि मुलगी वाटाड्यासह फेब्रुवारीत पुन्हा येऊ.