सपातांचा झगा आणि कार्डांचा गाऊन

बिनकापडी वस्तूंचे पोशाख म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातली हौस, असं अनेकांना वाटतं. मग लिझी गार्डिनरचं काय? ही ऑस्ट्रेलियाची वेशभूषाकार. ‘प्रिसिला’ (१९९४) या चित्रपटासाठी तिने आणि टिम चॅपेलने चक्क रबरी सपातांचा झगा केला. ऑस्कर मिळालं, आणि १९९५च्या सोहळ्यात बाई स्टेजवर आल्या त्या २५४ सोनेरी क्रेडिट कार्डांचा गाऊन घालून!

मला जास्त कौतुक पुढचं वाटतं. २००६मध्ये सिडनीत त्याच कथेचं संगीत नाटक आलं, वेशभूषा याच जोडीची, आणि २०११मध्ये टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कारही मिळाला. कॅमेऱ्यासमोर झगा एका शॉटपुरता तगला तरी भागतं. रंगमंचावर तोच रोज घाम, नाच आणि विंगेतली झटपट कपडेबदली सोसतो. प्लॅस्टिकला नुसती शिलाई मारली तर टाक्याच्या भोकातून चीर जाते. तिथे भोक पाडून कडी घालावी लागते, म्हणजे सांध्यात हालचाल राहते आणि तुटलेला तुकडा तेवढाच बदलता येतो. अंगाला टोचू नये म्हणून आतून अस्तर हवंच.