ग्रंथालयात कवितेचा शोध घेताना कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न – विद्यार्थिनी, पंचवटी
एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी मी ‘मराठी कवितेतील गोदावरी’ हा विषय घेतला आहे. नाशिकमधील एका ग्रंथालयाच्या संगणकावर ‘गोदावरीवरील मराठी कविता’ असे टाइप केले, तर एकही नोंद आली नाही. पुस्तके तिथे असणारच, असे वाटते. शोधशब्द कसे ठरवावेत?

उत्तर – निवृत्त ग्रंथपाल
ताई, तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांच्या नोंदींच्या यादीत, बहुधा ग्रंथनाम, ग्रंथकार आणि विषय एवढेच नोंदलेले असते. संग्रहातली एकेक कविता तिथे नसते. म्हणून पूर्ण वाक्य न देता एकच शब्द द्यावा, तोही विभक्तिप्रत्यय काढून. ‘गोदा’चे सामान्यरूप ‘गोदे’ होते, त्यामुळे ‘गोदेकाठी’ अशा शीर्षकापर्यंत ‘गोदा’ पोहोचत नाही. शब्दाच्या आरंभावरून शोधण्याची सोय असेल, तर ‘गोद’ एवढ्यावर दोन्ही रूपे हाती लागतात. त्यानंतर ‘गौतमी’, ‘दक्षिणगंगा’ आणि मुख्य म्हणजे ‘गंगा’ हे शब्द घ्यावेत, कारण रामकुंडाकडे निघालेला नाशिककर आजही ‘गंगेवर जातो’ असेच म्हणतो. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत घरात शिरणारी नदी ‘गंगामाई’ आहे आणि शीर्षकात नदीचा मागमूसही नाही. अशा कवितेपर्यंत कवीच्या नावावरूनच जावे लागते.

उत्तर – संशोधक, कॉलेज रोड
कवीच्या नावाबाबत एक भर घालतो. ‘कुसुमाग्रज’ टाइप करून थांबू नये. ‘शिरवाडकर’ हेही पाहावे, कारण काही नोंदी टोपणनावाखाली, तर काही मूळ नावाखाली असतात. केशवसुतांसाठी ‘दामले’, ‘बी’ या टोपणनावाच्या कवींसाठी ‘गुप्ते’. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार आहेत आणि नोंद करणाऱ्याने ते जसेच्या तसे उतरवले असतील, तर आजच्या लेखनाने पुस्तक सापडणार नाही. जुन्या संग्रहांची नावे मिळवण्यासाठी शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ आधी चाळावी. त्या सूचीने माझे कित्येक दिवस वाचवले आहेत.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. मात्र ‘गंगा’ दिल्यावर काशी-हरिद्वारची पुस्तकेच अधिक येतील, अशी भीती वाटते.

उत्तर – निवृत्त ग्रंथपाल
येतीलच. म्हणून ‘गंगा’सोबत विषयाच्या रकान्यात ‘काव्य’ द्यावे आणि मग ‘कविता’ही देऊन पाहावे, कारण दोन्ही शब्द रूढ आहेत. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत मराठी कवितेचा वर्गांक ८९१.४६१ आहे, तो देता आला, तर प्रवासवर्णने आणि माहात्म्ये बाजूला पडतात. त्या वर्गांकाच्या कपाटापाशी उभे राहून अनुक्रमणिका मात्र स्वतःच चाळाव्यात आणि ‘त्र्यंबक’, ‘ब्रह्मगिरी’, ‘रामकुंड’, ‘पूर’, ‘घाट’ हे शब्द नजरेसमोर ठेवावेत.