खानदेशच्या उन्हात लांब पल्ल्याचं धावणं: वेळापत्रकात आणि साहित्यात तुम्ही काय बदललंत?

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते. तिथून वेळापत्रकाचे सोळा आठवडे मागे मोजले की तयारीची सुरुवात सप्टेंबरच्या अखेरीस येते. म्हणजे रविवारच्या पहिल्या लांब धावा नेमक्या ऑक्टोबरच्या उकाड्यात. त्याआधी पाया घालायचा तो उन्हाळ्यात, आणि आमच्या जळगावचा मे ४५ अंशांच्या घरात. कुठल्याही तयार वेळापत्रकात या दोन गोष्टींचा विचार केलेला मला दिसला नाही. म्हणून हा धागा.

आधी माझं सांगतो. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत मी किलोमीटर मोजतच नाही. मिनिटं मोजतो. चाळीस मिनिटं, पहाटे पाचला, मेहरूण तलावाच्या काठाने, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. यामागचं कारण समजून घेतलं तर जिवाला लागत नाही. उन्हाळ्यात शरीराला थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा कातडीकडे जातो, मग स्नायूंना पुरवठा करायला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. डिसेंबरात ज्या वेगाला नाडी १४० असते, त्याच वेगाला एप्रिलात ती कितीतरी वर जाते. वेग तोच ठेवायचा म्हटलं तर ती सोपी धाव राहतच नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठही कमी होतं. त्यामुळे मार्चमधल्या पहिल्या तापत्या आठवड्यात मी धाव निम्मी करतो आणि मग हळूहळू वाढवतो. लांब धावा जुलैपासून. वर्षातला सगळ्यात जास्त पल्ला नोव्हेंबर-डिसेंबरात.

तुम्ही काय करता? नुसतं ‘पाणी भरपूर प्या’ नको. काय बदललं, का बदललं आणि पायाला, दमाला, वेळेला काय फरक पडला, ते लिहा.

*

भुसावळ, रेल्वेत रनिंग ड्युटी (म्हणजे चालत्या गाडीवरची नोकरी)

माझा आठवडा सोमवारी सुरू होत नाही. लिंकप्रमाणे (ड्युटीच्या तक्त्याप्रमाणे) कधी रात्री दोनचा कॉल, कधी भर दुपारी. ‘मंगळवारी वेग, गुरुवारी मध्यम, रविवारी लांब’ हे आमच्या नोकरीत बसणारच नाही. त्यामुळे आठवड्याचा हिशोब सोडून मी दहा दिवसांचं चक्र धरलं. त्यात एक लांब धाव, एक चढाची किंवा वेगाची, दोन दिवस पूर्ण आराम, बाकीच्या सोप्या. कुठली धाव कधी, ते ड्युटी ठरवते. दोन कठीण धावांमध्ये मात्र ४८ तास हवेतच, आणि रात्रपाळीवरून साइन ऑफ केल्यावर आधी झोप. झोप झाली नसेल त्या दिवशी वेगाची धाव सरळ पुढच्या चक्रात ढकलतो.

याचा अर्थ असा की सोळा आठवड्यांचं वेळापत्रक माझ्याकडे तेवीस आठवड्यांचं होतं. जानेवारीची तयारी मी ऑगस्टमध्ये सुरू करतो. घाई नसल्यामुळे दुखणीही कमी झाली.

भुसावळ सपाट. चढ शोधावा लागतो. इगतपुरीला बाहेरगावची विश्रांती मिळाली की चढाची धाव तिथेच उरकून घेतो. खंडव्याला सपाट, तिथे सोपी धाव. बॅगेत बुटांना जागा करावी लागते, म्हणून हलका जोड निवडला. पावसाळ्यात बूट भिजले तर आतला तळवा काढून वेगळा ठेवायचा आणि बुटात वर्तमानपत्र कोंबायचं. तासाभराने कागद बदलायचा. रनिंग रूमच्या (गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीगृहाच्या) पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतात. घरी दुसरा जोड ठेवलाय, तो आलटून पालटून.

*

अमळनेर, शिक्षिका

पहाटे अंधारात एकटीने बाहेर पडायचं नाही असं घरच्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं. आम्ही तिघी मिळून धावतो. लांब पल्ल्यासाठी गावाबाहेर जाण्याऐवजी दोन-अडीच किलोमीटरची एक फेरी ठरवली आणि तिच्याच फेऱ्या मारतो. एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे कमरेला पट्टा नाही, हातात बाटली नाही. आमच्यापैकी जिचा वेग कमी आहे ती एक फेरी कमी मारते, पण थांबतो सगळ्या एकाच वेळी.

कपड्यांबद्दल बायका फार लिहीत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिते. स्पोर्ट्स ब्रा घेताना दुकानात जागच्या जागी उड्या मारून बघा. योगासनांसाठीची आणि धावण्यासाठीची वेगळी असते, आधार जास्त लागतो. तिच्या खालच्या पट्टीची शिवण जिथे टेकते तिथे निघण्याआधी व्हॅसलीन. आपल्याकडे हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि मागे मिठाचे कण राहतात. तेच कण कातडी सोलतात. सुती टॉप मी बंद केला, कारण तो भिजला की भिजलेलाच राहतो. पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा, सैल पॉलिस्टरचा टॉप उन्हालाही बरा आणि माझ्या सासूबाईंनाही पसंत.

आणखी एक. वेळापत्रक नीट पाळूनही मला मध्यंतरी जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन ठीक निघालं, पण डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला सांगितलं. ते शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, आणि ते खूपच खाली होतं. त्यांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्या, जेवणाला लागून चहा घेणं बंद केलं (चहाने लोह नीट शोषलं जात नाही), आणि तेवढे महिने फक्त सोप्या धावा ठेवल्या. मैत्रिणींनो, दम कमी पडला की लगेच सराव वाढवू नका. आधी रक्त तपासा.

*

रावेर तालुका, केळी बागायतदार

धावताना ताकदीसाठी खायच्या गोड जेलच्या पाकिटांबद्दल बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी. आमच्या घरातच केळी, त्यामुळे मी हिशोब मांडून बघितला. शंभर ग्रॅम गरात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं असतात. बाजारातल्या बहुतेक जेलच्या पाकिटातही २० ते २५ ग्रॅमच. दीड तासापेक्षा जास्त धावायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात असं सगळीकडे सांगतात. म्हणजे तासाला दीड ते दोन केळी. पण केळं पूर्ण पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं हवं. कचवट केळ्यात स्टार्च जास्त, ते पोटात जड बसतं. मी अर्धं अर्धं करून खातो, पहिलं अर्धं भूक लागायच्या आधीच. शर्यतीत मात्र जेल बरं, कारण केळं खिशात टिकत नाही. ज्या जेलवर शर्यत धावायची ते दोन-तीन लांब धावांत पोटाला दाखवून घ्यावं.

केळं खाल्लं की पायात गोळे येत नाहीत, हे आमच्याकडे सगळेच सांगतात. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे आणि मला तिचा अभिमान आहे, तरी हे खरं धरू नका. केळ्यात पोटॅशियम असतं, घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणजे साधं मीठ. ते भरून काढायला मीठच लागतं. मी लिंबू, साखर, मीठ घालून पाणी नेतो. गळ्यात ओला बागायती रुमाल. तो मानेवर असला की उन्हाचा त्रास निम्मा वाटतो, आणि टोपीपेक्षा मला तो जास्त सोयीचा.

आता आमची काळी जमीन. पाऊस पडून गेला की शेतरस्त्यावर पन्नास पावलांत बुटाला भाकरीएवढा थर चिकटतो, बूट दुप्पट जड होतात आणि घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. खोल खाचांचे ट्रेलचे बूट आणून बघितले, काळ्या मातीपुढे त्यांचंही चाललं नाही. पावसाळ्यात मी डांबरी रस्ता धरतो. दिवाळीनंतर पाटाच्या कडेचा रस्ता वाळून छान घट्ट होतो. तेव्हा निम्म्या धावा मातीवर, गुडघ्यांना तेवढाच आराम.

*

चाळीसगाव तालुका, भरतीची तयारी

दादा, मी २० वर्षांचा आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर असतं, मैदानी ५० गुणांपैकी २० त्यालाच. एसआरपीएफला (राज्य राखीव पोलीस दलाला) ५ किलोमीटर. म्हणून आमच्या गावातली पोरं रोज घड्याळ लावून १६०० च पळतात, रोज जीव तोडून. माझ्या नडग्या इतक्या दुखायच्या की रात्री पाय उशीवर ठेवावे लागायचे. गावातले एक निवृत्त फौजी काका आहेत. त्यांनी घड्याळ काढून घेतलं. आठवड्यातून दोनदाच जोरात, बाकीचे दिवस त्यांच्याशी गप्पा मारत तासभर सावकाश. सुरुवातीला वाटलं, असं पळून गुण कसे वाढतील? दोन महिन्यांत नडगी दुखायची थांबली आणि १६०० ची वेळही कमी झाली.

आजीचं अजून तेच, ‘ऊन लागी जाई, घरमा बठ.’ पण पळायची गोडी लागलीये. आता २१ किलोमीटर करायचे आहेत. आतापर्यंत कॅनव्हासच्या बुटांत किंवा अनवाणीच पळालो. बूट कुठले घेऊ? पैसे जास्त नाहीत.

*

धुळे, बँकेत नोकरी

चाळीसगावच्या भावासाठी. तुझे पाय सपाट बुटांना सरावलेले आहेत. टाच आणि चवडा यांच्या उंचीत फार फरक असलेले बूट तुला अवघडल्यासारखे वाटतील, आणि कार्बनची पट्टी असलेल्या महाग बुटांची तुला आत्ता काहीच गरज नाही. साधे, मध्यम गादीचे, रोजच्या सरावाचे बूट घे. गेल्या वर्षीचं मॉडेल बऱ्याचदा स्वस्तात मिळतं. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. धावताना घालणार तेच मोजे घालून मापं बघ. अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. आपल्याकडे लहानपणापासून चप्पल किंवा अनवाणी वावरलेल्यांचा चवडा रुंद असतो. काही कंपन्या रुंद माप वेगळं काढतात, ते मागून बघ. नव्या बुटांत आधी आठवडाभर फक्त छोट्या धावा कर. असा जोड ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. तळवा झिजलेला दिसला नाही तरी आतली गादी बसते, आणि ते आधी पोटरीला नाहीतर गुडघ्याला कळतं.

माझा स्वतःचा बदल चढाचा. आमच्याकडे लळिंगचा किल्ला आहे, आग्रा रोडला लागूनच. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ ऐन थकव्यात येतो. पांझरेच्या काठाने कितीही सपाट धावलो तरी त्याची तयारी होत नव्हती. महिन्यातून दोनदा लळिंगची वाट झपाझप चढतो, उतरताना चालत येतो. पोटऱ्या आणि मांड्या दोन्ही भक्कम झाल्या. रस्त्याने धावणाऱ्यांनी एक बघावं: डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. कायम एकाच बाजूने धावलं तर एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. माझ्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं मोकळ्या, सपाट रस्त्यावर धावायला लागल्यावर थांबलं.

*

जळगाव, डॉक्टर

वरचं वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

ओआरएसचं (जलसंजीवनीचं) पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, मोठं असेल तर एक लिटरमध्ये, पूर्णच घालायचं. अर्धं पाकीट अर्ध्या बाटलीत अंदाजाने घालू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. नुसतं साधं पाणी तहान नसताना तासन्‌तास ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. उलटी, डोकेदुखी, भ्रमिष्टपणा ही त्याची लक्षणं उन्हाच्या तडाख्यासारखीच दिसतात. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, पावलं अडखळायला लागली तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणू नका. सावलीत आडवा करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

दुसरी, वेदनाशामक गोळ्या. लांब धावेआधी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन निघणारे बरेच भेटतात. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. आपल्या हवेत तर हे अजिबात नको. गोळी घेतल्याशिवाय धावता येत नसेल तर ती धाव रद्द समजा.

*

धुळे, सेवानिवृत्त

वय ६३. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत रूढ केली. दमल्यावर चालायला लागणं वेगळं, दमायच्या आधी ठरवून चालणं वेगळं. गुडघे शाबूत आहेत आणि २१ किलोमीटर हसत पूर्ण होतात.

*

शहादा

मे महिन्यात लांब धाव सोडवत नसेल तर तोरणमाळला या. ११०० मीटरच्या वर उंची, पहाटे हवा गार, यशवंत तलावाभोवती मोकळा रस्ता. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा वगैरे काही फायदा होत नाही, फायदा फक्त गारव्याचा. आम्ही शनिवारी मुक्कामाला जातो, रविवारी उजाडता उजाडता पठारावर धावून घेतो. घाट उतरत धावायचा मोह टाळा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि पुढचे तीन दिवस जिना उतरता येत नाही. उतरायचंच असेल तर पहिल्या वेळी दोनच किलोमीटर, आखूड पावलं टाकत.

*

(धागाकर्ता)

रावेरच्या दादांचं सोडियमचं आणि भुसावळच्या भाऊंचं दहा दिवसांचं चक्र मी या हंगामात वापरून बघणार आहे. चाळीसगावच्या भावा, २१ साठी सहा महिने धर. लांब धाव दर आठवड्याला थोडीच वाढव, आणि दर चौथ्या आठवड्यात ती पुन्हा कमी कर. भरतीची तारीख आली तर २१ बाजूला ठेव, ती नंतरही करता येईल.

नवापूरकडचं कुणी वाचत असेल तर लिहा. तुमच्याकडे पाऊस आमच्या कितीतरी पट. जुलै-ऑगस्टात लांब धावा कशा जमवता, आणि पायांच्या बोटांमधल्या चिखल्यांवर काय करता?